गज एक, मापे अनेक

हैदराबादेत आपण जागेचे माप अजूनही गजांतच सांगतो. पुण्याचा पाहुणा चौरस फूट विचारतो, कायद्याचे माप चौरस मीटर, आणि आबिड्सच्या मागील गल्लीतले घर मात्र ‘इतके गज’. शब्द जुना असला तरी त्यामागचे माप स्थिर नाही. परसदारच्या एखाद्या कार्यशाळेची भावाभावांत वाटणी निघाली, की हा इतिहास दारात येऊन उभा राहतो.

शिवकाळात जमीन पाच हात पाच मुठींच्या काठीने मोजत. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जागेचा एक बिघा होई. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता. मुंबईकडे सुतार-गवंड्यांचा गज २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा. पुढे ३६ इंचांच्या इंग्रजी यार्डालाही आपण गजच म्हणू लागलो. लांबीत हा फरक पाऊणपट. क्षेत्रफळात मात्र जुने १६ चौरस गज म्हणजे आजचे केवळ ९. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, आणि आजचा चौरस गज ०.८३६ चौरस मीटर ठरला. मराठवाडाही त्याच वर्षापर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हा आपल्या घराण्यांच्या जुन्या कागदांतील गज कोणता, हे तपासूनच घ्यावे. उपाय सोपा आहे. कागदात आठ गज म्हटलेली भिंत उभी असेल तर ती फुटांत मोजावी: १८ फूट भरली तर गज २७ इंचांचा, २४ फूट भरली तर ३६ इंचांचा.

दुसरा प्रश्न भिंतींचा. बाहेरून १८ फूट × १२ फूट कार्यशाळा २१६ चौरस फूट, म्हणजे आजचे २४ गज. दीड फुटी जाड भिंती वगळल्या तर आत १५ × ९, म्हणजे १५ गजच उरतात. नऊ गज भिंतीच खातात! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही चटई क्षेत्रातून बाहेरच्या भिंती वगळल्या आहेत.

तिसरा प्रश्न कोपऱ्यांचा. केवळ चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ मागणाऱ्यास व सांगणाऱ्यास भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे. कठोर शब्द, पण रास्त. समोरासमोरच्या बाजू २० व १३ फुटांच्या असल्या, तरी जागा तिरपी असून २० फुटी बाजूंमधले लंबांतर १२ फूटच असेल, तर क्षेत्रफळ २६० नव्हे, २४० चौरस फूट भरते. म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर जागा काटकोनी नाही.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे सेवक अल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून ज्या वस्तीला नाव मिळाले, तेथे आज एकेका गजाला मोल आहे. वाटणीपत्रात नुसता आकडा न लिहिता गज किती इंचांचा, मोजणी आतून की बाहेरून, आणि कर्ण किती, ही तीन वाक्ये लिहावीत. पुढच्या पिढीचे पुष्कळ भांडण त्याने वाचेल.