व्याघ्रगणनेचीं साधनें

इतिहासाच्या अभ्यासकानें साधनांची पारख आधीं करावी व आंकड्यांवरून अनुमानें मागाहून काढावीं, हा नियम सर्वमान्य आहे. दप्तरांस लागू असलेला हाच नियम अरण्यांतील गणनेसही कसा लागू पडतो, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

भारतांतील पहिली देशव्यापी व्याघ्रगणना इ. स. १९७२ सालीं झाली व तींत १८२७ वाघ नोंदले गेले. ता. १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रांतील मेळघाट होतें. गणनेची रीत ओडिशांतील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनीं १९६६ च्या सुमारास घालून दिलेली होती. वनरक्षकांनीं ठराविक दिवसांत वाटा व नाले धुंडाळावे, पावलांचे ठसे कांचेवरून रेखाटून घ्यावे आणि आकारभेदावरून निरनिराळे वाघ ओळखावे, अशी ती रीत होती. तींत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या: प्रत्येक वाघाचा ठसा ओळखतां येण्याजोगा वेगळा असतो, आणि गणनेंतून एकही वाघ सुटत नाहीं. परंतु जमीन, उतार व चाल यांप्रमाणें एकाच वाघाचा ठसा बदलतो. आणि किती वाघ सुटले हें ताडून पाहण्याची सोय त्या रीतींत मुळींच नव्हती. हे दोष उल्लास कारंत यांनीं १९८७ सालीं छापून मांडले.

वाघाच्या अंगावरील पट्टे मात्र प्रत्येकाचे निराळे असतात. वाटेवरील तार ओढली जाऊन वाघाचें छायाचित्र आपोआप निघावें, अशी योजना एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं पूर्वींच केली होती. त्यांचा ग्रंथ १९२७ चा आहे. मंगळूर विद्यापीठाचे डॉक्टर झालेल्या कारंतांनीं नागरहोळेच्या अरण्यांत या छायाचित्रांस गणिताची जोड दिली व १९९५ सालीं तें संशोधन प्रसिद्ध केलें. दोन्ही कुशींचे पट्टे सारखे नसल्यानें वाटेच्या दोहों बाजूंस कॅमेरे लावावे लागतात. पहिल्या फेरींत टिपलेले वाघ दुसऱ्या फेरींत किती प्रमाणांत पुन्हां आढळतात, यावरून न टिपलेल्यांचा अंदाज निघतो. दुसऱ्या फेरींतील निम्मे वाघ ओळखीचे निघाले, तर पहिल्या फेरींत सुमारें निम्मेच सांपडले होते, असें समजावें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. राजस्थानांतील सरिस्का येथें २००४ सालच्या सरकारी नोंदींत सोळा ते अठरा वाघ होते. मार्च २००५ मध्यें भारतीय वन्यजीव संस्थेच्या शोधांत तेथें एकही वाघ आढळला नाहीं. चोरट्या शिकाऱ्यांनीं अरण्य रिकामें केलें, तरी कागदांवर वाघ नांदतच होते.

पुढें २००६ च्या गणनेपासून जुनी रीत सोडण्यांत आली. २००८ सालीं जाहीर झालेला आंकडा १४११ होता. २००२ चा आंकडा ३६४२ असल्यामुळें चार वर्षांत निम्म्याहून अधिक वाघ नष्ट झाले, असें कित्येक समजले. आमच्या मतें हें अनुमान टिकत नाहीं. कारण भिन्न प्रतीच्या दोन साधनांची वजाबाकी करतां येत नाहीं. ऱ्हास झाला हें खरें. तो किती व कधीं झाला, हें या दोन आंकड्यांवरून ठरत नाहीं. याउलट २०२२ चा ३६८२ हा अंदाज देतांना किमान संख्या ३१६७ अशी वेगळी सांगितलेली आहे. आपली मर्यादा सांगणारें साधन अधिक विश्वसनीय होय.

तथापि ठसा अगदींच त्याज्य नव्हे. त्या वाटेनें वाघ गेला, एवढी त्याची साक्ष पक्की आहे; किती वाघ गेले, हें मात्र त्यास विचारूं नये.