खडबडीत चांदी

चांदीच्या पेल्यातलं पाणी बाधत नाही, असं घराघरातली आजी सांगते. प्रयोगशाळेतल्या चांदीकडे दुसरंच काम आहे. ती जंतूंची चहाडी करते. अन्नातले घातक जिवाणू प्रकाशाने हुडकण्याचं तंत्र या चांदीपर्यंत पोचलं, तेही एका चुकलेल्या हिशेबामुळे.

या तंत्राच्या कुळाचे मूळपुरुष चंद्रशेखर वेंकट रामन. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यात त्यांनी दाखवलं, की रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखू येतो. ही रेणूची सहीच म्हणा. पण सही भलतीच पुसट: कोटीभर प्रकाशकणांत एखादाच रंग बदलणारा! मूठभर जिवाणूंसाठी ती वाचणार कोण?

1974 साली इंग्लंडात साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खडबडीत केला. जागा वाढली की पिरिडीन या रसायनाचे रेणू जास्त बसतील, एवढाच विचार. वर्णपट ठळक आला आणि हिशेब जुळला असं त्यांना वाटलं. 1977 मध्ये अमेरिकेत जीनमेअर-व्हॅन डाइन आणि इंग्लंडात अल्ब्रेक्ट-क्रेटन यांनी ताळा करून पाहिला. जास्तीचे रेणू धरले तरी लाखपट वाढीचा मेळ बसेना. वाढ चांदीच्या उंचवट्यांमुळेच होत होती: तिथले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि लगतच्या रेणूची सही ठळक करतात.

मग चांदीचे अतिसूक्ष्म कण जिवाणूंना चिकटवणं ओघानेच आलं. गंमत पुढेच आहे. वर्णपटात 730 cm⁻¹च्या आसपास दिसणारी रेष अनेकांनी जिवाणूच्या भिंतीच्या खात्यावर टाकली होती. 2016 मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ती मुख्यतः अ‍ॅडेनीनसारख्या प्युरिनांची. धुऊन नुसत्या पाण्यात ठेवलेला उपाशी जिवाणू ती बाहेर टाकतो. म्हणजे चांदी वाचत होती ती त्याची भूक.

हा वर्णपट वाचणारं यंत्र काही मिनिटांत उत्तर देतं, यावरून ‘झटपट’ हा शब्द जाहिरातींत शिरला. पण 25 ग्रॅम अन्नात साल्मोनेला एकही नको, असा दंडक असतो. तो एकुलता एक जिवाणू किरणाखाली सापडायचा कसा? म्हणून आधी नमुना कोमट पोषकद्रवात रात्रभर ठेवायचा, दह्याला विरजण लावावं तसा. सकाळी यंत्र सुरू.