सरकार, सर जदुनाथ
(१० डिसेंबर १८७० – मे १९५८). मोगल व मराठा इतिहासाचे बंगाली संशोधक आणि नोकरीची सारी वर्षे कॉलेजात शिकवण्यात घालवलेले प्राध्यापक. जन्म राजशाही जिल्ह्यातील (आता बांगलादेश) करचमारिया गावी, जमीनदार घराण्यात. १८९२ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी घेऊन ते एम.ए.ला पहिले आले आणि पुढच्याच वर्षी रिपन कॉलेजात शिकवू लागले, तेही इंग्रजीच. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीसाठी केलेला औरंगजेबकालीन हिंदुस्थानावरचा अभ्यास १९०१ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि त्यांची वाट ठरली.

१८९९ मध्ये ते पाटणा कॉलेजात गेले. मधला थोडा काळ वगळता १९१७ पर्यंत ते तिथेच होते. खुदाबक्ष ग्रंथालयातील फार्सी हस्तलिखिते तिथे हाताशी होती, ही बदली त्यांना लाभलीच म्हणायची. पुढे बनारस हिंदू विद्यापीठ, कटकचे रेव्हेन्शॉ कॉलेज आणि पुन्हा पाटणा असा प्रवास करून १९२६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९२९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. औरंगजेबाच्या चरित्राचे पाचही खंड (१९१२–२४) मात्र नोकरीच्याच काळातले आहेत. तास, परीक्षा आणि बदल्या सांभाळून हे काम झाले, हे विसरून चालणार नाही.

मूळ कागद पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, हा त्यांचा खाक्या. मोगल दरबारातील रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे, म्हणजे अखबारात, जयपूरच्या दप्तरात होती. त्यांतली काही कर्नल टॉडने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिली होती. तिथूनही त्यांनी नकला मिळवल्या. मिर्झाराजे जयसिंगांच्या पत्रांचा ‘हफ्त अंजुमन’ हा संग्रह त्यांनी वापरात आणला. त्यामुळे १६६५ ची पुरंदरची मोहीम खुद्द मोगल सेनापतीच्या पत्रांतून समोर आली. शिवाजी महाराजांच्या आग्र्याच्या भेटीबद्दलची राजस्थानी पत्रेही त्यांच्यामुळेच अभ्यासकांना ठाऊक झाली.

महाराष्ट्राशी त्यांचा दुवा म्हणजे रियासतकार गो. स. सरदेसाई. दोघांचा स्नेह आणि पत्रव्यवहार अर्धशतकभर टिकला. सरदेसाई कामशेतला राहायला आल्यावर जदुनाथ तिथे मुक्कामाला येत. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची ग्रंथमाला या जोडीच्याच देखरेखीखाली निघाली. पुण्याच्या संशोधकांशी मात्र त्यांचे फारसे जमले नाही. १९१९ च्या शिवचरित्रात त्यांनी फार्सी व युरोपीय साधनांवर भर दिला. बखरींपैकी सभासदाची मानली, नंतरच्या बखरींना फारशी किंमत दिली नाही. यावर महाराष्ट्रात बरीच टीका झाली. बखरींबाबत त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी उजेडात आणलेल्या महजर, निवाडे, वतनपत्रे अशा कागदांचे मोल त्यांना पुरेसे उमगले नाही. त्यांच्या इतिहासात लढाया आणि दरबार ठसठशीत दिसतात, रयत क्वचितच दिसते. ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’ (चार खंड, १९३२–५०) या ग्रंथालाही हीच मर्यादा आहे, तरी पानिपतचे त्यातले वर्णन टाळून त्या लढाईवर लिहिता येत नाही.

संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धावर काम करणाऱ्याने औरंगजेब-चरित्राचा पाचवा खंड मराठी साधनांशेजारी ठेवून वाचावा. नुसता तोच वाचू नये.