ठासणीपासून दुर्बिणीपर्यंत : सैनिकी नेमबाजीचा इतिहास

नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा ढळत नाही, हे जर्मन प्रदेशातल्या बंदूक कारागिरांना सोळाव्या शतकातच माहीत होते. शिकाऱ्यांनी अशा बंदुका वापरल्या. सैन्यांनी मात्र त्या दीर्घकाळ दूरच ठेवल्या. अडचण ठासण्याची होती. गुळगुळीत नळीच्या मस्केटमध्ये गोळी सैल बसे आणि शिकवलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. १०० यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे, पण रांगेने रांगेवर गोळ्या झाडताना त्याची गरजही नव्हती. रायफलची गोळी खाचांत घट्ट बसावी लागे, म्हणून ती गजाने जोर लावून ठासावी लागे. चारदोन बारांनंतर दारूची काजळी साचली की हे काम आणखी जड होई.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ साली साराटोगा येथे डॅनियल मॉर्गनच्या रायफलधारी तुकडीने ब्रिटिश अधिकाऱ्यांना हेरून टिपले. ब्रिटनने १८०० साली स्वतःची रायफल तुकडी उभारली. पुढे ती ९५ वी रायफल पलटण म्हणून ओळखली गेली. तिच्या सैनिकांना लाल डगल्याऐवजी गर्द हिरवा गणवेश आणि इझिकेल बेकर या लंडनच्या कारागिराची रायफल मिळाली. ३० इंची नळीत सात खाचा होत्या. गोळी तेलकट चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठासत. सुरुवातीला तर ती आत ठोकायला लाकडी हातोडीही देत. बार कमी निघत, पण २०० यार्डांवरचा माणूस टिपता येई.

ठासण्याची अडचण सुटली ती १८४९ मध्ये, क्लोद एतियेन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीमुळे. ही टोकदार गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने सहज आत सरके. तिचे बूड पोकळ असे; बार उडताच ते फुगून खाचांत रुतत असे. याच तत्त्वावरची १८५३ ची एनफिल्ड रायफल सामान्य शिपायाच्या हाती आली. तिचे चरबी लावलेले काडतूस दातांनी फाडावे लागे. त्यात गायीची आणि डुकराची चरबी असल्याची वार्ता १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण ठरली.

अमेरिकन यादवी युद्धात हायरम बर्डन याने १८६१ पासून निवडक नेमबाजांच्या पलटणी उभारल्या. त्यांच्या शार्प्स रायफलीत काडतूस मागून भरता येई, त्यामुळे आडोशाला पडूनच बार भरणे सोपे झाले. धूर मात्र अजूनही नेमबाजाचा ठावठिकाणा सांगे. फ्रान्सच्या १८८६ च्या लेबेल रायफलीत बिनधुराची दारू आली आणि तो माग पुसला गेला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात लपून माउझर चालवणाऱ्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याला याची जाणीव करून दिली.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी खंदकांतून दुर्बीण लावलेल्या रायफली वापरल्या. त्याला उत्तर म्हणून हेस्केथ प्रिचर्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१६ मध्ये फ्रान्समध्ये नेमबाजांची शाळा काढली. शत्रूचा नेमबाज शोधण्याची त्याची युक्ती साधी होती. कागदाच्या लगद्याचे डोके काठीवर बसवून खंदकावर काढायचे; गोळी आरपार गेली की डोके खाली घेऊन दोन्ही भोकांच्या रेषेत पेरिस्कोपमधून पाहायचे. गोळी कोठून आली ते कळे.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी हे कौशल्य बाजूला टाकले. सोव्हिएत लाल सैन्याने मात्र ते जोपासले आणि १९४२ मध्ये स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यांत मोसिन-नागांत रायफलीच्या नेमबाजांनी जर्मन सैन्याला जेरीस आणले. पुढे पायदळाकडे जवळच्या पल्ल्याच्या स्वयंचलित रायफली आल्या आणि लांबच्या नेमासाठी पुन्हा वेगळे शस्त्र लागले. १९६३ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेली द्रागुनोव्ह ही त्याच गरजेतून आली. भारतीय पायदळातही ती दीर्घकाळ वापरात राहिली.