ठिकाण आणि नाव : संगणकाच्या तबकड्यांवरील मांडणीची हकीकत

जुन्या वळणाच्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कपाट, फळी व जागा ह्यांचे आकडे घालीत. पुस्तक कोठे आहे हे त्यांवरून कळे. ते कशाविषयी आहे हे कळत नसे, आणि कपाट हलले की आकडे खोटे पडत. १८७६ साली अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई ह्यांनी आपली दशांश पद्धती प्रसिद्ध केली. तीत क्रमांक कपाटाला नव्हे, तर पुस्तकाच्या विषयाला मिळाला. पुढे १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले व त्यांनी येथे वर्गीकरणाची स्वतंत्र योजना आखली, हे आपल्या सभासदांस ठाऊकच आहे. ग्रंथालयांनी सोडविलेला हाच प्रश्न संगणकापुढे नव्याने उभा राहिला. आणि गंमत अशी, की संगणकवाल्यांनी पुन्हा कपाट-फळीपासूनच सुरुवात केली.

आयबीएम कंपनीच्या १९५६ सालच्या ‘रामॅक’ यंत्रास २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. प्रत्येक नोंदीचा पत्ता पाच आकडी असे : दोन आकडे तबकडीचे, दोन तिच्यावरील वर्तुळाचे व एक त्या वर्तुळाच्या भागाचा. सर्व मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. माहिती हवी असेल तर तिचे ठिकाण ठाऊक असले पाहिजे, एवढाच व्यवहार.

ह्या रीतीस सुंदर छेद दिला तो युनिक्स प्रणालीने. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून ती घडविली. तिच्यात सर्व फाइलींचा वृक्ष एकच, मूळ एकच. दुसरी तबकडी जोडली की ती ह्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवावयाची. वापरणाऱ्याला ती निराळी तबकडी आहे हे कळण्याचे कारणच नाही. मात्र येथेही जागेच्या टंचाईने आपली खूण सोडलीच. मूळ तबकडी लहान होती. लोकांच्या फाइली दुसऱ्या तबकडीवर ‘यूएसआर’ नावाच्या फांदीत असत. आज्ञावल्या वाढल्या, मूळ तबकडीवर मावेनात, तेव्हा उरलेल्या ह्या फांदीत ठेवल्या गेल्या. पुढे तबकड्या हजारो पटींनी मोठ्या झाल्या, तरी आज्ञावल्यांची ही दोन घरे कायम राहिली आणि त्यांच्या समर्थनार्थ नवनवी शास्त्रे रचली गेली. लिनक्सच्या ‘फेडोरा’ ह्या आवृत्तीत ती दोन्ही घरे एक झाली ती २०१२ साली! वडिलोपार्जित वाड्यात मधली भिंत कुणी व का घातली हे विसरून नातवंडांनी तिला वास्तुशास्त्र चिकटवावे, तसाच हा प्रकार.

घरगुती संगणकाचा वंश मात्र निराळा. गॅरी किल्डॉल ह्यांच्या १९७४ सालच्या सीपी/एम प्रणालीत ड्राइव्हना ए, बी अशी अक्षरे होती. हे अक्षर फ्लॉपीचे नव्हे, ती जेथे सरकवावयाची त्या खाचेचे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉस प्रणालीने हीच रीत उचलली. खाच एकच असली तरी तिलाच आळीपाळीने ए व बी मानून यंत्र फ्लॉपी बदलण्यास सांगे. १९८३ साली पीसी-एक्सटी आला. त्याची दहा मेगाबाइटची कायम तबकडी ‘सी’ झाली. त्याच वेळी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फाइलींसाठी कप्प्यांत कप्पे करण्याची सोय आली. पण त्या सर्वांच्या शिरावर अक्षर बसलेलेच राहिले. पुढे एका विभागात ३२ मेगाबाइटपेक्षा अधिक मावेना म्हणून १९८७ पासून एकाच तबकडीचे ‘सी’, ‘डी’ असे तुकडे होऊ लागले.

ह्या अक्षरांचा एक नियम फारसा कुणास माहीत नसे. यंत्र प्रथम प्रत्येक तबकडीच्या मुख्य विभागास अक्षर देई. उरलेले दुय्यम विभाग त्यानंतर. म्हणजे दुसरी तबकडी जोडली, की तिचा मुख्य विभाग ‘डी’ होई आणि पहिल्या तबकडीवरील जुना ‘डी’ मुकाट्याने ‘ई’ होई.

१९९७ साली हा नियम मला कळला. आपल्या ग्रंथालयाची यादी मी त्या उन्हाळ्यात संगणकावर उतरवीत होतो. आज्ञावली ‘सी’वर, यादी ‘डी’वर, म्हणजे ‘सी’ बिघडला तरी यादी सुरक्षित राहील, असा त्या काळचा शहाणपणा. नोंदवहीतील मजकुराखेरीज ‘शेरा’ नावाचा एक रकाना मी केला होता. कोणते पुस्तक कुणाच्या घरून, कोणत्या निमित्ताने आले, हे आपले तेव्हाचे वृद्ध ग्रंथपाल दुपारच्या निवांत वेळी तोंडी सांगत आणि मी टंकित करीत असे. ते कोठेही लिहिलेले नव्हते. जागा पुरेना म्हणून एका दुकानातून माणूस येऊन दुसरी तबकडी बसवून गेला. नवी तबकडी शेवटची, तेव्हा शेवटचे अक्षर तिचे, असे समजून त्याने ‘ई’ पुसून काढला व त्यावर लगेच नव्या आज्ञावल्या चढविल्या. यादी ‘डी’वर सापडेना, तेव्हा उलगडा झाला. त्या माणसाला दोष देववत नाही; फ्लॉपीवर प्रत ठेवण्याचे काम माझे होते आणि मी ते ‘उद्या’वर टाकीत आलो होतो.

नोंदवहीवरून यादी पुन्हा झाली. ग्रंथपाल मात्र त्याच पावसाळ्यात निवर्तले.

२००० साली विंडोज प्रणालीतही तबकडी एखाद्या कप्प्यात बसविण्याची युनिक्ससारखी सोय आली. ती आम्हांस तीन वर्षे उशिरा मिळाली, असे म्हणण्यात अर्थ नाही. मिळाली असती तरी वापरली असती की नाही, कोण जाणे. नव्या संगणकांवर ए आणि बी ही अक्षरे बहुधा रिकामी असतात व गणती ‘सी’पासून सुरू होते.

आपल्या यादीत त्या काळी नोंदविलेल्या बहुतेक पुस्तकांपुढील ‘शेरा’ हा रकाना कोरा आहे. ज्या सभासदांच्या घरून पूर्वी पुस्तके आली असतील, त्यांनी आठवत असेल तेवढे ग्रंथपालांकडे लेखी द्यावे. एखादी ओळही चालेल.