वजनकाट्याशिवाय ताटातले प्रमाण

‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणजे जेवणातले प्रमाण जाणणे. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खात असे. तथागतांच्या उपदेशानंतर त्याने तो हळूहळू नाळीभर केला.

रसायनीत पाताळगंगा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांचा डबा भातानेच भरतो. माप आपल्या हातातच आहे. एका जेवणाचा साधा अंदाज असा:

भात : शिजलेला, मूठ-दीड मूठ.
भाजी : दोन्ही हातांची ओंजळ.
डाळ किंवा उसळ : एक वाटी.
मासळी, चिकन : बोटे सोडून तळहाताएवढा तुकडा.
मीठ : दिवसभरात सगळे मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिकाही निम्मे ताट भाज्या-फळांना देते.

मुलाचा हात लहान, म्हणून मापही लहान. अंगमेहनत करणाऱ्याला जास्त लागते. मधुमेही व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे.

आज घरी एवढे पाहा : सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आईच्या ताटात वाटीभर उसळ उरते का? उरत नसेल, तर आपले प्रमाण चुकले आहे.