विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे : आंबेडकरी गायकांची वाटचाल

नालासोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी ‘विहारयात्रा’ काढीत. अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस गेला आणि ‘धम्मयात्रा’ सुरू झाली, हा त्या लेखाचा आशय होय. या नव्या यात्रेत अधिक आनंद मिळतो, असेही राजा तेथे सांगतो. अर्थात त्याने आनंद वर्ज्य केला नाही. त्याची दिशा बदलली. वसई-विरारच्या भूमीतील हा लेख आंबेडकरी गायकांचा इतिहास समजून घेण्यास आम्हांस फार उपयोगी वाटतो.

सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी घेऊन १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशातील बतावणी, सवालजबाब व ढोलकी त्यांनी ठेवली. विषय मात्र शिक्षणाचा, अस्पृश्यतेच्या अन्यायाचा आणि स्वाभिमानाचा घेतला. लोक करमणुकीसाठी जमत आणि विचार घेऊन घरी जात.

पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी ही धुरा वाहिली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना, वयात आल्यावर ते अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. ती छापखान्यापेक्षा कंठाकंठातून अधिक पसरली. म्हणूनच गाणे सर्वांच्या मुखी आणि कवीचे नाव थोड्यांना ठाऊक, असे वारंवार घडले.

ध्वनिमुद्रिका व नंतर कॅसेट आली, तेव्हा गाणे बाजारात गेले. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या एकाच आवाजात विठ्ठलाची भक्तिगीते व भीमगीते ऐकून काही उपासकांना कोडे पडते. परंतु कोणत्या गीतास ग्राहक आहे हे ठरविणारा बाजार गायकाच्या हाती नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे पुत्र आनंद शिंदे ‘नवीन पोपट’ या गाण्याने घरोघरी पोहोचले. आनंद व मिलिंद या बंधूंनी भीमगीतेही सोडली नाहीत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या पडद्यावर आपले जीवन मुख्य प्रवाहाच्या मालिकेतून दिसण्यास पुष्कळ काळ जावा लागला. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली, आणि तिचे शीर्षकगीत प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे यांनी गायिले. तत्पूर्वी २०१० च्या नोव्हेंबरात लोकशाहीर विठ्ठल उमप लॉर्ड बुद्धा टीव्ही या वाहिनीच्या उद्घाटनासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आले होते. तेथे मंचावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले.

संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. लोकांस हसविणारा नट मरणोत्तर देवलोकी जातो काय, असे त्याने भगवंतांस विचारले. दोनदा नाकारून तिसऱ्या वेळी भगवंतांनी उत्तर दिले : राग, द्वेष व मोह यांनी आधीच बांधलेल्या लोकांत जो तेच अधिक वाढवितो, त्याची गती चांगली नव्हे. ही कसोटी आजच्या गायकास लागू आहे. जयंतीच्या मिरवणुकीत कोणते गाणे लावावे हे ठरविणाऱ्या आपल्या मंडळांसही ती तितकीच लागू आहे.

या संदर्भात वसई-विरारच्या उपासकांस आमची एक विनंती आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी चढते, गाण्यांच्या वह्यांना वाळवी लागते. घरातील अशा फिती व वह्या शोधाव्यात, गीताखाली कवीचे, गायकाचे व गावाचे नाव लिहावे, आणि त्यांची नक्कल विहारात जपून ठेवावी. अशोकाचे शब्द दगडावर होते म्हणून तुकड्याच्या रूपाने का होईना, आपल्यापर्यंत आले. आपल्या शाहिरांचे शब्द फितीवर व कागदावर आहेत. त्यांना तितका अवधी नाही.